निवेदन कुणाला द्यायचं? गांजा-भांगेच्या कायद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गांजा-भांगेच्या कायद्यात बदल मागणाऱ्यांची आणि अशा मागणीवर चिडलेल्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं वकिली करणाऱ्या आणि मोहिमांचं कागदपत्रांचं काम सांभाळणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. कायद्याचं मराठी नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

प्रश्न : मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगात बऱ्याच शहरांत गांजा कायद्याविरुद्ध मोर्चे निघतात. आम्ही तीस-चाळीस जण त्या दिवशी बालगंधर्व चौकात फलक घेऊन उभे राहणार आहोत. नुसता फलक धरला तर गुन्हा होतो का? परवानगी कुठे काढायची?
– विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : फलक धरण्यात गुन्हा नाही. गांजा बाळगणं, पिकवणं, विकणं, नेणं-आणणं, ओढणं यांना एनडीपीएसमध्ये शिक्षा आहे. 'हा कायदा बदला' म्हणण्याला नाही, तो हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलेला आहे. अडकायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिली अडचण जमावबंदीची. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली पोलीस आयुक्त एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत सभा-मिरवणुकांवर बंदी घालू शकतात. सण, निवडणूक, कुठला तरी बंद असं काही आलं की हा आदेश निघतो आणि लोकांना तो चौकात उभं राहिल्यावरच कळतो. मोडला तर कलम १३५, जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. म्हणून तारीख ठरवण्याआधी आदेश लागू आहे का, ते ठाण्यात विचारून घ्या.

दुसरी अडचण एनडीपीएसच्या कलम २९ ची, म्हणजे गुन्ह्याला साहाय्य आणि कट. माइकवरून कुणी गंमत म्हणून 'चांगला माल अमक्या ठिकाणी मिळतो' असं बोललं, तर ते भाषण राहत नाही. तयारीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच. तिथे मालाबद्दल पहिला मेसेज पडला की अॅडमिनने त्या माणसाला काढावं, समजावत बसू नये. गर्दीत एखाद्याच्या खिशात पुडी सापडली तर कायद्याने तो एकटा अडकतो, पण दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सगळे अडकतात. हातात धरायला सिगारेटच्या आकाराच्या मोठ्या कागदी गुंडाळ्या करण्याची हौस असते, तीही टाळा. पोलीस त्या उघडून बघणारच, आणि अर्धा तास त्यातच जाईल.

अर्ज हद्दीतल्या ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, प्रत आयुक्तालयाच्या विशेष शाखेला. निदान आठ-दहा दिवस आधी. त्यात तारीख, किती ते किती, कुठल्या बाजूचा फुटपाथ, अंदाजे माणसं, दोन आयोजकांची नावं आणि मोबाइल, स्पीकर आहे की नाही, एवढं हवं. स्पीकरची परवानगी वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. 'बघू, सांगतो' याला परवानगी समजू नका. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी नकाराला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, तोंडी नकार सिद्ध करतानाच दमछाक होते. हातातल्या फलकाला महापालिकेची परवानगी लागत नाही, पण तोच खांबाला बांधला की आकाशचिन्ह (जाहिरात फलक) विभागाकडे जावं लागतं, नाहीतर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहेच.

जमावबंदी लागलीच तर सभा आत घ्या. नव्या पेठेत पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह जवळजवळ आहेत. बंद सभागृहातल्या सभेला सहसा हरकत येत नाही, तरी ठाण्यात पत्र देऊन ठेवावं. (तिथल्या चौकाचं नाव गांजवे चौक. ते आडनाव आहे. प्रत्येक नवा कार्यकर्ता हा विनोद एकदा करतो, करू द्यावा.)

प्रश्न : आम्ही घरोघर फिरून २,३०० सह्या जमवल्या आणि 'गांजा कायदेशीर करा' असं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना दिलं. आठ महिने झाले, काहीच उत्तर नाही. आता काय?
– सदाशिव पेठ

उत्तर : जिल्हाधिकारी ते निवेदन पुढे पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत, आणि 'कायदेशीर करा' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या दारांवरच्या मागण्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय कुठल्याच टेबलावर हे प्रकरण हलत नाही.

राज्य सरकारच्या हातात काय आहे ते आधी बघा. कलम १० राज्याला औषधी आणि शास्त्रीय कामासाठी गांजाची लागवड, उत्पादन, वाहतूक यांना नियम करून परवानगी देण्याचा अधिकार देतं, फक्त चरस वगळून. कलम १४ खाली धागा किंवा बी मिळवण्यासाठी, निव्वळ औद्योगिक कामाकरता, लागवडीला आदेश काढून मुभा देता येते. यासाठी संसदेत जायची गरज नाही. मागणी मंत्रालयाकडे करायची.

शिक्षा किती, ओढणं गुन्हा असावा का, 'गांजा' कशाला म्हणायचं, हे बदलायचं तर फक्त संसद. आणि इथे बहुतेकांचा पत्ता चुकतो. एनडीपीएस कायदा गृह मंत्रालय बघत असेल असं वाटतं, पण तो आहे अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. गृहखात्याकडे अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरो आहे. तो कायदा राबवतो, लिहीत नाही.

तिसरी गोष्ट प्रमाणांची. 'अल्प' आणि 'व्यावसायिक' प्रमाण किती, हे १९ ऑक्टोबर २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. गांजासाठी १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. ती राजपत्रातून बदलता येते, विधेयक लागत नाही. या आकड्यांवर माणसाची वर्षं ठरतात. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिकला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड.

आता कलम २०(अ) वाचा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि तिथे अल्प-मध्यम अशी पायरीच नाही. पुडीत ९०० ग्रॅम सापडला तर कमाल एक वर्ष. गॅलरीतल्या कुंडीत एक रोप सापडलं तर कमाल दहा वर्षं. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलालाही ही विसंगती समजावायला दोन मिनिटं पुरतात. 'गांजा कायदेशीर करा' म्हणण्यापेक्षा 'लागवडीलाही अल्प प्रमाणाची पायरी द्या' ही मागणी खासदाराच्या गळी लवकर उतरते. तुलनेला जर्मनी घ्या. १ एप्रिल २०२४ पासून तिथे प्रौढाला घरी तीन झाडं लावता येतात.

सह्या वाया गेल्या का? आहेत तशा, हो. लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करता येतो, पण त्याचे नियम काटेकोर आहेत. सह्यांचे कागद अनेक असतील तर मागणीचा मजकूर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर पुन्हा हवा. तुमच्या कागदांवर वर काहीच नसून खाली नुसते नाव-सहीचे रकाने असतील, तर ती फक्त नावांची यादी झाली. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, आणि ज्या पानावर याचिका लिहिली आहे त्याच पानावर निदान एक सही असावी लागते. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत. मराठीत लिहिलात तर हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडून त्यावर अर्जदाराची सही. भाषा सभ्य, शेवटी नेमकी मागणी. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. आणि खासदाराची प्रतिस्वाक्षरी. अधिवेशन चालू असताना खासदार दिल्लीत असतात, तेव्हा मधल्या काळात त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयात वेळ घ्या. कोर्टात चालू असलेला विषय समिती घेत नाही, त्यामुळे त्याच मागणीची जनहित याचिका आधी टाकायची की ही, याचा विचार टाकण्यापूर्वी करा. राज्याच्या अखत्यारीतल्या मागण्या यात मिसळल्या तर तेवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

पुन्हा सह्या घ्याल तेव्हा मागणी वर छापून ए-फोर पानावर बाराच ओळी ठेवा. वीस केल्या की लोक पत्त्याच्या जागी 'पुणे' लिहून मोकळे होतात. सही घेण्याआधी हे कागद सरकारी दफ्तरात जाणार आहेत हे सांगा. नोकरदार माणूस नंतर घाबरून नाव खोडायला येतो, त्यापेक्षा त्याने आधीच नाही म्हटलेलं बरं. आणि भरलेल्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : पुण्यात गांजाच्या किती केसेस नुसत्या ओढणाऱ्यांवर होतात, हा आकडा कुणाकडेच नाही. माहिती अधिकारात मागितला तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं छापील उत्तर आलं.
– हडपसर

उत्तर : तुमच्या अर्जाची प्रत बघितली. त्यात 'तरुणांवर अन्याय का होतो, याची कारणे द्यावीत' असं वाक्य आहे. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, मत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर साधारण असा ठेवा:

'दि. १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात आयुक्तालयाच्या हद्दीत एनडीपीएस कायद्याखाली नोंद झालेल्या गुन्ह्यांची ठाणेनिहाय संख्या. त्यापैकी फक्त कलम २७ (सेवन) खालील संख्या. त्यापैकी कलम २० खाली, एक किलोपर्यंत गांजा जप्त झालेल्या गुन्ह्यांची संख्या. ही माहिती संकलित नसल्यास संबंधित गुन्हे नोंदवहीचे निरीक्षण करू द्यावे.'

खरं काम शेवटचं वाक्य करतं. संकलित नाही हे उत्तर दिलं तरी नोंदवही दाखवायचं टाळता येत नाही. नावं झाकतील, ती तुम्हाला नकोच आहेत. पहिला तास फी लागत नाही, म्हणून दोघांनी जा, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. हाच अर्ज अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोला पाठवून वेळ घालवू नका, तो माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सूट मिळालेल्या संस्थांच्या यादीत आहे.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून केसेस मोजणारे एक चूक हमखास करतात. ते शिवाजीनगर कोर्टातल्या विशेष न्यायालयाच्या केसेस मोजतात. पण विशेष न्यायालयाकडे जातात ते तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे. ओढणारे आणि अल्प प्रमाणवाले न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातात. तुम्हाला हवा तो आकडा नेमका तिथे आहे, आणि विशेष न्यायालय मोजून 'ओढणाऱ्यांवर केसेस होतच नाहीत' असा उलटा निष्कर्ष निघतो.

प्रश्न : सभेत बोलताना इतिहासाचे आणि जगाचे कोणते मुद्दे खात्रीने मांडता येतील?
– औंध

उत्तर : इतिहासातला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे १८९३-९४ चा इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल. इंग्रज सरकारने नेमलेल्या या आयोगाने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि बेताचं सेवन सहसा अपायकारक नसतं, अतिसेवन असतं, सबब सरसकट बंदी नको, नियंत्रण आणि कर हवा, असं सांगितलं. पुढे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. पारंपरिक वापर बंद करायला त्यात पंचवीस वर्षांची सवलत होती. आपला कायदा १९८५ चा, त्या मुदतीच्या आतला.

एक विधान मात्र टाळा. '२०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गांजा कायदेशीर केला' हे चूक आहे. २ डिसेंबर २०२० ला गांजा कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक अनुसूचीतून निघाला, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. पहिल्या अनुसूचीत तो अजून आहेच. भारताच्या मताचा मुद्दा पुरेसा जोरदार आहे, त्याला फुगवायची गरज नाही. आकडा हवा असेल तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं, एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण घ्या. भांग-गांजा-चरस मिळून सुमारे ३ कोटी १० लाख लोक, त्यात गांजा-चरसवाले सुमारे १ कोटी ३० लाख.

प्रश्न : होळीला थंडाईत भांग चालते, मग गांजा का नाही?
– कसबा पेठ

उत्तर : एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, फुलोऱ्याशिवायची सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांची भांग त्या कायद्याबाहेर राहते. महाराष्ट्रात मात्र ती दारूबंदी कायद्यात सापडते, विनापरवाना बाळगली तर कारवाई होते. 'भांग कायदेशीरच आहे' हे वाक्य बनारसच्या सरकारी परवान्याच्या दुकानासमोर म्हणा, कसबा पेठेत नको.

प्रश्न : हेम्पच्या शेतीत एकरी लाखो मिळतात असं सांगून एक जण बियाणं विकतोय. पाण्याची सोय आहे. पेरू का?
– जुन्नर तालुका

उत्तर : पेरू नका. हेम्प म्हणजे भांगेच्याच झाडाचं कमी नशेचं वाण. उत्तराखंडाने ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेल्या वाणांना परवाने दिले, तशी पद्धत महाराष्ट्रात आलेली नाही. मुळात एनडीपीएस कायद्यात टीएचसीची टक्केवारीच नाही. 'हे हेम्प आहे, नशा येत नाही' हा बचाव बांधावर उभं राहून करता येत नाही. पोलिसांकडच्या किटमध्ये रंग बदलतो तो गांजातले घटक आहेत म्हणून, किती आहेत ते त्यातून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच ठरतं आणि तोवर तुम्ही आत असता. शिवाय वाण बाहेरचं असेल, कापणी लांबली असेल, तर टक्केवारी ०.३ च्या वरही जाते. जिथे परवाना आहे तिथेही असं पीक नष्ट करावं लागतं.

बियाणेवाला दाखवतो तो कागद बहुधा २०२१ चा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा असेल. तो हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला मुभा देतो, बियांत किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम टीएचसीच्या मर्यादेत. पेरायला नाही. आणि 'सन हेम्प', 'डेक्कन हेम्प' अशी नावं ऐकून घाबरूही नका. पहिला म्हणजे आपला ताग, दुसरी अंबाडी. भांगेशी त्यांचं नातं फक्त इंग्रजी नावापुरतं आहे, आणि अंबाडीची भाजी खायला परवाना लागत नाही.

उसात किंवा तुरीत आपोआप उगवलेलं झाड दिसलं तर गुपचूप उपटून जाळू नका. पोलीस पाटलांना सोबत घ्या, फोटो काढा, ठाण्यात लेखी कळवा. आणि कधी जप्तीची वेळ आलीच तर वकिलाला पंचनाम्यातलं वजन आधी बघायला सांगा. खोड, मुळं, पानं सगळं एकत्र तोललं असेल, तर व्याख्येतला फुलोरा किती, हा प्रश्न जामिनाच्या वेळी निर्णायक ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात याच मुद्द्यावर जामीन दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. गांजाने त्याचं कॉलेज सुटलं, आता केसही झाली आहे. तुम्ही असल्या चळवळींना जागा कशी देता?
– बिबवेवाडी

उत्तर : तुमचा राग समजतो, आणि त्यात तथ्य आहे. कोवळ्या वयात, रोज आणि जास्त ओढलेल्या गांजाने अभ्यास, स्मरणशक्ती, काहींच्या बाबतीत मनाचा तोल बिघडतो. हे नाकारणाऱ्या चळवळीला आम्हीही जागा देणार नाही. पण कायद्यात आज जे आहे ते आधी तुमच्या कामाचं आहे. कलम ६४-अ खाली, ओढण्याचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेली, तर तिच्यावरचा खटला थांबतो. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली कोर्ट तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. बऱ्याच घरांत हे कळतं ते मुलाने भीतीने गुन्हा कबूल करून दंड भरल्यावर. दंड भरून सुटलेला मुलगा कोर्टाच्या दफ्तरात दोषी म्हणूनच राहतो, आणि पासपोर्ट-नोकरीच्या पडताळणीत ते वर येतं.

तेव्हा पुढच्या तारखेआधी वकिलांना विचारा, आरोप कलम २७ चा (ओढण्याचा) आहे की २० चा (बाळगण्याचा), आणि वजन किती लिहिलं आहे. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय; १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करूनही जवळचं केंद्र कळतं. दाखल करण्यापूर्वी केंद्राला सरकारी मान्यता आहे ना, त्या पत्राची प्रत मागून घ्या, कारण कोर्ट तीच बघतं. दाखल झाल्याची तारीख, दर आठवड्याच्या हजेरीची नोंद आणि शेवटी उपचार पूर्ण झाल्याचं पत्र, तिन्हींवर केंद्राचा शिक्का हवा. मूळ कागद घरी ठेवा, वकिलांना झेरॉक्स द्या.